चर्चच्या कपाटातल्या तीन वह्या: सोलापुरातलं चर्च आठवडाभर काय करतं

सोलापुरात चर्च म्हटलं की बहुतेकांना नाताळची रोषणाई आठवते, नाहीतर त्याच आवारातली शाळा. रविवारची उपासना संपली की दाराला कुलूप, ते थेट पुढच्या रविवारी निघणार, असंच बाहेरून वाटतं. पण चर्चचं निम्मं काम मंगळवारी-बुधवारी सकाळी ऑफिसात, एका लोखंडी कपाटासमोर चालतं. कुणाला पासपोर्टसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणी लग्नाची तारीख विचारायला आलेलं असतं, कुणाच्या घरी रात्री माणूस गेलेलं असतं. या कपाटात तीन वह्या असतात: बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू. चर्च आपल्या वस्तीसाठी नेमकं काय करतं हे समजून घ्यायचं तर या वह्यांपासूनच सुरुवात करावी.

त्याआधी थोडी ओळख. एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या लोकांसाठीचा 'पॅरिश' हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरला जात नाही. कॅथलिकांमध्ये त्याला मराठीत धर्मग्राम म्हणतात आणि तो पत्त्यावरून ठरतो. तुम्ही ज्या भागात राहता, त्या भागाचे फादर ते तुमचे धर्मगुरू. सोलापूर पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या कक्षेत येतं आणि तो धर्मप्रांत १८८६ पासून आहे. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये 'मंडळी' म्हणतात आणि ती सभासदत्वावरून ठरते. घर शहराच्या जुळे सोलापूर भागात असलं तरी नाव आजोबांच्या मंडळीच्या यादीत असू शकतं. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनरी संस्थेने इथे १८६० च्या दशकात काम सुरू केलं. रेल्वेही त्याच सुमारास आली आणि १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली. उत्तर भारतातल्या सहा चर्चसंघटनांनी एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं आणि जुन्या मिशन मंडळ्या त्यात गेल्या. शिवाय मेथॉडिस्ट, साल्व्हेशन आर्मी आणि स्वतंत्र मंडळ्या आहेतच. शहरच मराठी, तेलुगू, कानडी बोलणारं, त्यामुळे एकाच शहरात उपासनेच्या भाषाही वेगवेगळ्या.

पहिली वही: बाप्तिस्मा

पाण्याने ख्रिस्ती मंडळीत सामील करून घेण्याचा संस्कार म्हणजे बाप्तिस्मा. कॅथलिक याला स्नानसंस्कारही म्हणतात. एका नोंदीत अनुक्रमांक, संस्काराची तारीख, बाळाचं नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, धर्मपिता-धर्ममाता (गॉडफादर-गॉडमदर) किंवा साक्षीदार, आणि संस्कार देणाऱ्याची सही असते. कॅथलिक वहीत याच नोंदीच्या समासात पुढच्या आयुष्याचे टप्पेही लिहिले जातात: दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा पुढचा संस्कार) कधी झालं, लग्न कुठे आणि कुणाशी झालं. म्हणूनच कॅथलिक लग्नासाठी दाखला ताजा, साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात. वीस वर्षांपूर्वी काढलेल्या दाखल्यावर समासातल्या नोंदी नसतात, त्यामुळे आधी लग्न झालेलं आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

जुनी नोंद सापडत नाही, अशी तक्रार नेहमी येते. बहुतेक वेळा नोंद असते, शोध चुकीच्या जागी चाललेला असतो. वही बाप्तिस्म्याच्या तारखेच्या क्रमाने लिहिलेली असते, जन्माच्या नव्हे. बाळ मार्चमध्ये जन्मलं आणि बाप्तिस्मा नाताळात झाला, तर मार्चची पानं कितीही चाळा, हाती काही लागायचं नाही. पूर्वी एकच पाळक (प्रॉटेस्टंट मंडळीचे धर्मगुरू) अनेक गावांना जात. त्यामुळे खेड्यातल्या बाळाची नोंद शहराच्या वहीत असू शकते, किंवा नंतर वेगळ्या झालेल्या मंडळीच्या वहीत. येताना वडिलांचं पूर्ण नाव, आईचं माहेरचं नाव, गाव आणि अंदाजे दोन-तीन वर्षांचा पट्टा घेऊन यावं. थोरल्या भावंडाचा दाखला घरात असेल तर तोही आणावा, कारण भावंडांच्या नोंदी बहुधा एकाच वहीत निघतात.

नावातली तफावत ही दुसरी अडचण. वहीत 'मेरी', शाळेत 'मीरा', आधारवर तिसरंच. वहीतलं नाव खोडून नवं लिहायची विनंती करू नका आणि कुणी तसं करून देत असेल तर घेऊही नका. खाडाखोड केलेल्या नोंदीचा दाखला पुढे प्रत्येक कार्यालयात अडतो. नाव बदलायची रीत म्हणजे प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली जाहिरात. ती कागदपत्रं आणून दिली की चर्च मूळ नोंद तशीच ठेवून समासात टीप लिहितं आणि तिच्याखाली तारीख-सही करतं.

एक गोष्ट आईवडिलांनी पक्की लक्षात ठेवावी. बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे जन्माचा दाखला नव्हे. जन्माची नोंद महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा ठरला आहे. म्हणून बाप्तिस्म्याची तारीख मागायला येणाऱ्या घराला आम्ही आधी 'जन्मदाखला काढला का?' हेच विचारतो. इथे एक मिनिट गेलं तर पुढचे हेलपाटे वाचतात.

जातीच्या दाखल्याचा प्रश्नही याच वहीशी येऊन ठेपतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती व्यक्तीला तो मिळत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात आहे. आमच्या भागातल्या कितीतरी कुटुंबांना हा नियम जाचतो आणि तो अन्यायाचा आहे असं आम्हाला मनापासून वाटतं. तरीही 'नोंद नाही असं लिहून द्या' किंवा 'तारीख मागेपुढे करा' म्हणून कुणी आलं तर चर्चने नाही म्हणायलाच हवं. पडताळणीत खोटं पत्र उघडं पडलं की त्या मुलाचा प्रवेश किंवा नोकरी जाते, आणि त्या वहीतल्या बाकी सगळ्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

वही टिकवणं हेही एक कामच आहे. लिहायला निळी-काळी टिकाऊ शाई वापरावी. बऱ्याच जेल पेनांची शाई पाणी लागलं की पसरते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. लॅमिनेशन तर कधीच करू नये, ते परत काढता येत नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो आणि धूळ बांधणीत जाऊन बसते. म्हणून वही कापडात गुंडाळून, आडवी, भिंतीपासून थोड्या अंतरावरच्या कपाटात ठेवावी. प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावा. हे काम तरुण संघातली चार मुलं दोन शनिवारांत उरकतात.

दुसरी वही: विवाह

चर्चमधलं लग्न हे एकाच वेळी धार्मिक संस्कार आणि कायदेशीर नोंद असतं. दुसऱ्या बाजूकडे हमखास दुर्लक्ष होतं. ख्रिस्ती विवाहाचा कायदा १८७२ चा आहे. वराचं वय २१ आणि वधूचं १८ पूर्ण हवं, दोघांपैकी कुणाचाही आधीचा जोडीदार हयात आणि कायद्याने बांधलेला नसावा. विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच व्हावा लागतो. रात्रीसाठी खास परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. पत्रिकेवर 'सायंकाळी ६' छापायचं आणि नवरी पार्लरमधून पावणेसातला निघायची, असं झालं की पाळकांच्या जिवाची घालमेल होते. पाचची वेळ धरा, म्हणजे उशीर झाला तरी काम वेळेत बसतं.

क्रम साधारण असा. तीनेक महिने आधी पाळकांना किंवा फादरना भेटा, आणि हॉल त्यानंतर ठरवा. उलटं केलं की तारीख उपवासकाळात पडते. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत बहुतेक चर्च लग्न लावत नाहीत, आणि हॉलची आगाऊ रक्कम बुडते. मग दोघांचे बाप्तिस्मा दाखले, वयाचे पुरावे, फोटो आणि दुसऱ्या मंडळीचं कुणी असेल तर तिथल्या पाळकांचं पत्र द्यायचं. त्यानंतर तीन रविवार उपासनेत दोघांची नावं वाचली जातात. 'या विवाहाला कुणाची हरकत असेल तर कळवा,' हे नुसतं रूढी म्हणून म्हटलेलं वाक्य नाही. पहिलं लग्न लपवलेलं असेल तर ते उघडकीला येण्याची ती शेवटची जागा असते. दोन मंडळ्यांतली माणसं असतील तर नावं दोन्हीकडे वाचली जावीत. यात चूक झाली तर ती बहुधा इथेच झालेली असते.

लग्नाच्या दिवशी किमान दोन साक्षीदार लागतात. वर, वधू, दोन साक्षीदार आणि विधी करणारा, अशा पाच सह्या झाल्याशिवाय वही मिटायची नाही. फोटोच्या घाईत 'सह्या नंतर करू' म्हटलं की एक साक्षीदार बार्शीची गाडी पकडतो आणि नोंद महिनाभर अर्धवट राहते. सह्या हार घालण्याआधी करून घ्याव्यात.

दोघांपैकी एकच ख्रिस्ती असेल तरी या कायद्याखाली विवाह होऊ शकतो, फक्त त्या चर्चच्या नियमांत बसायला हवं. कॅथलिकांमध्ये त्यासाठी बिशपांची परवानगी घ्यावी लागते. ते जमत नसेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने, ३० दिवसांची नोटीस देऊन नोंदणी करता येते. मात्र अधिकार नसलेल्या प्रचारकाकडून घरच्या घरी लग्न लावून घेऊ नका. त्याची प्रार्थना कितीही मनापासूनची असली तरी तो विवाह कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही, आणि लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. किंमत मोजावी लागते ती बाईला. पोटगी, पेन्शन, वारसा, सगळीकडे तिच्याकडे पहिला कागद हाच मागतात. घटस्फोटही चर्च देऊ शकत नाही, तो न्यायालयातूनच घ्यावा लागतो. मंडळीच्या पंचांनी कोऱ्या कागदावर लिहून दिलेली 'सोडचिठ्ठी' कायद्याने कसलाच परिणाम करत नाही.

तिसरी वही: मृत्यू, आणि कबरस्तान

चर्चची खरी परीक्षा इथे होते. रात्री फोन आला की काही तासांत पंधरा गोष्टी व्हाव्या लागतात आणि घरच्यांना त्यातली एकही सुचत नसते. म्हणून मंडळीत दोन माणसं ठरलेली असावीत, एक कागदांसाठी आणि एक कबरस्तानासाठी. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर तिथूनच कारणाचं प्रमाणपत्र मिळतं. घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून घ्यायचं. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर सिव्हिलमधलं शवविच्छेदन आणि पोलिसांचा कागद हातात आल्याशिवाय खड्डा खणायला सांगू नये. मृत्यूची नोंदही २१ दिवसांत व्हायला हवी.

खड्डा साधारण सात फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाच ते सहा फूट खोल असतो. पेटीचं माप आधी कळवावं. पेटीच्या बाजूच्या कड्या धरून खड्ड्याची रुंदी कमी पडते आणि सगळ्यांसमोर कडा तासायची वेळ येते. यापेक्षा वाईट क्षण घरच्यांसाठी दुसरा नाही. सोलापुरात वर काळी माती आणि खाली मुरूम असेल तिथे उन्हाळ्यात पहार चालवावी लागते, म्हणून खणणाऱ्यांना किमान पाच-सहा तास द्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो. दफन सकाळी लवकर किंवा पाचनंतर ठेवावं आणि पिण्याच्या पाण्याचा जार कबरस्तानात आधीच नेऊन ठेवावा.

त्यानंतरची चूक फार जणांच्या हातून होते. चाळिसाव्या दिवसाआधी कबर पक्की व्हावी म्हणून लगेच फरशी, ग्रॅनाइट बसवतात. भरलेली माती पहिल्या पावसात खचतेच. त्यात काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. वर्षभरात दगड कलतो, सांधे उघडतात. एक पावसाळा जाऊ द्यावा, खचलेली माती पुन्हा भरून दाबावी, मुरमाचा थर द्यावा आणि मगच बांधकाम करावं. तोवर नाव लिहिलेला लाकडी क्रूस पुरे.

कबरस्तानात जागा कुणाला, कितीला, कुटुंबाच्या जुन्या कबरीत दुसरं दफन किती वर्षांनी, हे नियम फलकावर लिहून लावलेले असावेत. नियम तोंडी असले की प्रेत दारात असताना वाद होतो. वर्गणी थकली म्हणून दफन अडवणं हे कोणत्याही मंडळीला शोभत नाही. थकबाकी वहीत लिहा, माणसाला मातीत जाऊ द्या.

मदतपेटी

गिरण्या बंद झाल्या, यंत्रमागावरची आणि विडीची कामं आठवड्याच्या हिशोबाने चालतात. असं घर एका आजारपणात कोलमडतं. मंडळीची मदत मोठी नसते, पण तिचा उपयोग होतो तो वेळेवर आणि गाजावाजा न करता दिल्यावर. मागणी कधी येते हे ठरलेलं आहे: जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणि फी, पावसाळ्यात ताप आणि बुडालेली मजुरी, नाताळाआधी कपडे. हे माहीत असेल तर निधी वर्षभर साठवून नेमक्या महिन्यांसाठी ठेवता येतो. सणाला सगळा वाटून टाकला की जूनमध्ये पेटी रिकामी असते.

रोख पैसे हातात देण्यापेक्षा औषधाच्या दुकानात, शाळेत किंवा किराणावाल्याकडे थेट भरावेत. नाव व्यासपीठावरून सांगू नये. निर्णय तिघांनी घ्यावा, त्यात एक तरी महिला मंडळातली असावी, कारण कुणाच्या घरात चूल थंड आहे हे त्यांनाच आधी कळतं. आणि पाळकांनी स्वतःच्या खिशातून उसने देऊ नयेत. उसने घेतलेला माणूस पैसे परत करता आले नाहीत की रविवारी यायचंच बंद करतो. पैसेही जातात आणि माणूसही.

दान मोजण्याचा नियम साधा आहे. दोन माणसं, एकाच कुटुंबातली नकोत, उपासना संपल्यावर तिथेच मोजणार. नोटा-नाण्यांची चिठ्ठी लिहून दोघं सही करणार, रक्कम सोमवारी बँकेत. 'परवा भरू' म्हणून घरी नेलेली थैली कितीही प्रामाणिक माणसाकडे असली तरी त्याच्यावर बोट दाखवायला जागा होते. कापणीच्या सणाला ज्वारी, भाजी, कोंबडी आणतात आणि लिलाव होतो. आमच्याकडे रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, त्यामुळे सण त्याच्या मागेपुढे ठेवला तर शेतकरी घरांना आणायला हातात काही असतं. उत्साहात पाचशेला घेतलेली कोंबडी पुढे कुणी आठवत नाही, म्हणून बोली संपताच नाव आणि रक्कम लिहून समोर सही घ्यावी.

इमारत कुणाची

भांडणं होतात ती बहुधा इथे. उपासना करणारी मंडळी, जागा ज्याच्या नावावर आहे तो न्यास आणि आवारातली शाळा चालवणारी संस्था ही तीन वेगवेगळी खाती असू शकतात. मिशनच्या काळातल्या मालमत्ता आजही वेगळ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर असतात, आणि पन्नास वर्षं झाडलोट करणाऱ्या मंडळीला हे पहिल्यांदा कळतं ते नोटीस आल्यावर. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि धर्मादाय कार्यालयातला न्यासाचा उतारा, हे दोन कागद प्रत्येक कमिटीने निवडून आल्याच्या पहिल्या महिन्यात काढून वाचावेत.

महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यात तीन गोष्टी कमिटीला पाठ हव्यात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हिशोब ३१ मार्चला बंद करून त्याचं लेखापरीक्षण करायचं. आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जमीन विकायची नाही, बदलून किंवा बक्षीस द्यायची नाही, इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाड्याने द्यायची नाही. पहिला अर्ज राहून गेला की दप्तरी जुनेच विश्वस्त राहतात, त्यातले दोघं वारलेले असतात, आणि बँक सही स्वीकारत नाही. परदेशातून मदत येणार असेल तर केंद्राची परवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं, याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही.

शेजाऱ्यांशी नातं मात्र कागदावर चालत नाही. नाताळची गाणी म्हणत घरोघर जायचं तर एका रात्री दहा-बारा घरं पुरेत आणि साडेनऊला आवरावं. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर चालत नाही, मध्यरात्रीच्या उपासनेसाठी त्या दिवसाची सूट आहे का हे पोलीस ठाण्यात आधी विचारावं. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून मोठ्या जेवणाचा दिवस ठरवताना पाण्याचा दिवस बघावा आणि टँकर आदल्या दिवशी सांगून ठेवावा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत मिरवणुकीचे रस्ते भरलेले असतात. त्या दिवसांत लग्न ठेवलं तर वऱ्हाड अडकतं.

बदली होऊन सोलापुरात आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाने आधीच्या मंडळीचं सभासदत्वाचं पत्र, सगळ्यांचे बाप्तिस्मा दाखले आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत घेऊन पहिल्याच महिन्यात भेटावं. पत्र दिल्यावर जुन्या यादीतून नाव कमी झालं ना, हे फोन करून विचारावं. दोन्ही याद्यांत नाव राहिलं की मंडळीच्या निवडणुकीत हरकत येते. रविवारी उपासनेनंतर गर्दी असते, वही काढून बघणं जमत नाही. मंगळवारी सकाळी या.